जुन्या सागवानी टेबलाला शेवटचा हात कशाचा? चपडा, पीयू की जवस?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. घरातलं एक जुनं सागवानी टेबल दुरुस्त करून घेतलंय. पाच बाय तीन फूट, खरादी पाय, पुढे तीन खण, पितळी कड्या. आजोबांनी कुठल्याशा सरकारी लिलावात घेतलं होतं असं घरात सांगतात. नंतर ते वाड्याच्या ओसरीत धान्याची पोती सांभाळत पडून होतं. मिस्त्रींनी सांधे सोडवून पुन्हा बसवले, एका पायाचा खालचा भाग कुजला होता तिथे जुन्याच सागाचा तुकडा जोडला आणि वरचा काळा थर काढला. आता लाकूड कोरं आहे. वरच्या फळ्यांवर शाईचे दोन मोठे डाग तेवढे राहिलेत.

आता त्यावर लावायचं काय? मिस्त्री म्हणतात मेलामाइन पॉलिश मारू, रंगाच्या दुकानात पीयू (पॉलियुरेथेन) घ्या म्हणतात. आत्याचा आग्रह जवसाच्या तेलाचा. भावाचं मत, काहीही लाव आणि वरून काच टाक.

टेबल जळगावच्या घरात जेवणासाठी वापरायचंय. सकाळी त्यावरच मुलांचा अभ्यास, हिवाळ्यात भरीताच्या पंगती. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे आणि उन्हाळ्यात कूलर बरोबर टेबलासमोर येतो. चकचकीत नको, पण टिकाऊ हवं. दिवाळीच्या आत झालं तर उत्तम. जाणकारांनी सांगावं.

पांझराकाठ

ताई, टेबल जेवाले शे का दखाडाले? पैले ते सांग.

गिरणाकाठ

जेवाले, भो! दाखवायला पाहुणे येतात ते जेवूनच जातात आमच्याकडे.

पटाशी

मी धुळ्यात फर्निचरच्या कामात आहे. आधी दोन गोष्टी विचारतो, कारण त्यावर उत्तर बदलतं.

एक, जुना थर कशाने काढला? रिमूव्हर वापरला असेल तर त्यातलं मेण लाकडाच्या रंध्रांत बसतं. थिनरच्या फडक्याने दोन-तीनदा, दर वेळी फडकं बदलून पुसल्याशिवाय वर काहीच नीट धरणार नाही. दुसरं, वरच्या फळ्या खालच्या चौकटीला कशा धरल्यात? मिस्त्रींनी चारी बाजूंनी सरळ स्क्रू मारून आवळल्या असतील तर फिनिशचं बोलणं नंतर करू. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि श्रावणात फुगतं. तीन फूट रुंदीत ही हालचाल काही मिलिमीटरची होते. फळ्यांना सरकायला जागा नसेल तर त्या कुठेतरी चिरतात, आणि लोक शिव्या पॉलिशला घालतात.

टेबल जेवायचं असेल तर माझं मत वरच्या बाजूला टू-पॅक पीयू, मॅट. मेलामाइनही वाईट नाही, स्वस्तात बरा कडकपणा देतं. पण जाड झालं की तडकतं, काही वर्षांत पिवळं पडतं आणि त्यातल्या फॉर्मल्डिहाइडचा वास बंद खोलीत बरेच दिवस राहतो. घरात लहान मुलं असतील तर मी तरी टाळतो.

भुसावळ जंक्शन

पटाशीराव, तुमचं फळ्यांबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. पण पीयूला माझा विरोध नोंदवून ठेवा.

इतकं जुनं लाकूड, त्यावर प्लॅस्टिकचा पापुद्रा? अशा टेबलावर तेव्हा बहुधा चपड्याचंच, म्हणजे लाखेचंच पॉलिश असायचं. एक लिटर स्पिरिटला साधारण २५० ग्रॅम चपडा, रात्रभर भिजत ठेवायचा, सकाळी मलमलीतून गाळायचा. कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धोतराचं मऊ कापड. बोळा ओढला जाऊ नये म्हणून तेलाचा एखादा थेंब. पातळ पातळ हात देत जायचं. लाकडाला जो खोलपणा येतो तो फवारणीच्या गनने मारलेल्या कुठल्याच थराला येत नाही. आमच्या घरात रेल्वेच्या लिलावातली दोन कपाटं आहेत, माझ्या वडिलांच्या वेळचं पॉलिश अजून आहे.

मुख्य म्हणजे चपडा दुरुस्त होतो. ओरखडा पडला, डाग पडला, तर त्याच जागी बोळा फिरवायचा. स्पिरिटने जुना थर विरघळतो आणि नव्यात मिसळून जातो. पीयूवर चरा गेला तर अख्खी वरची बाजू घासून नव्याने मारावी लागते. मग टिकाऊ म्हणायचं कशाला?

पटाशी

काका, कपाटावर कोणी शेवभाजीचं पातेलं ठेवत नाही.

प्रयोगशाळा

दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघे दोन वेगळ्या गोष्टींना टिकाऊ म्हणताय. थोडं रसायन सांगतो.

चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेली राळ. स्पिरिट उडून गेलं की ती तशीच मागे उरते, तिच्यात आणखी काही घडत नाही. त्यामुळे स्पिरिट पुन्हा लागलं की ती पुन्हा विरघळते. काकांना हवी असलेली दुरुस्ती यामुळेच जमते आणि टेबलावर सॅनिटायझर सांडला की वाट लागते तीही यामुळेच. ७५ अंशांच्या आसपास लाख मऊ पडून वितळायला लागते, म्हणजे उकळता चहा किंवा गॅसवरून उतरवलेली वाटी तिला झेपणार नाही. पाणी बराच वेळ साचलं तर पांढरं वर्तुळ उमटतं. आणि एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, लाख क्षारातही (म्हणजे अल्कलीत) विरघळते. सोडा, अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव, भांड्यांचा कडक साबण, सगळं तिला खातं. टेबलावर पापड लाटायचे बेत असतील तर पापडखार हाही क्षारच आहे, लक्षात ठेवा.

टू-पॅक पीयूत दोन घटक मिसळल्यावर त्यांची रासायनिक गुंफण होते. ती झाली की थिनरही थर सोडवू शकत नाही. म्हणून तो ताकदवान, आणि म्हणूनच बिघडला तर खरवडण्यावाचून इलाज नाही.

जवसाचं तेल तिसऱ्याच जातीचं. ते 'सुकतं' म्हणजे त्यातलं काही उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल असं घट्ट होत नाही, चिकट राहून खवट होतं. म्हणून स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल लाकडाला चालतं हा समज डोक्यातून काढा.

केळीबाग

रावेरहून. ताईंच्या आत्यांची बाजू घ्यायला कोणीतरी हवं म्हणून लिहितेय.

आमच्या घरी लाकडी पाट, चौरंग, झोपाळा सगळ्यांना जवसाचं तेल. थर नसल्यामुळे सोलपटत नाही, कोणीही फडक्याने लावू शकतं, लाकूड हाताला लाकडासारखं लागतं. पण आत्यांना विचारा, कुठलं तेल? घाण्याचं कच्चं तेल सुकायला आठवडे घेतं आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते घ्यायचं. त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, घरी कढईत तेल उकळून ते होत नाही. कृपा करून तसा प्रयत्नही करू नका, पेट घेईल.

तेल भरपूर लावायचं, अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. पुसलं नाही की महिनाभर चिकट.

तरी खरं सांगते, जेवायच्या टेबलावर मी तेल लावणार नाही. हळद आत उतरते. आणि आमच्याकडे केळफूल चिरायला घेतलं की चीक लागतो, तो कपड्यावरून जात नाही तर लाकडावरून काय जाणार.

प्रयोगशाळा

केळीबागताईंच्या म्हणण्याला एक जोड, आणि ही गंभीरपणे घ्या. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटतं. काडी लागत नाही. आपल्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तर विचारूच नका. फडकी अंगणात एकेक पसरून वाळवायची, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात.

गिरणाकाठ

बापरे, हे माहीत नव्हतं. आत्यालाही सांगते.

पटाशीदादा, विचारून आले. थर रिमूव्हर आणि पत्रीने काढला, म्हणजे पुसून घ्यावं लागणार. फळ्या आतून लाकडी गुटक्यांनी धरल्यात, गुटक्यांना लांबट भोकं आहेत. जुनी पद्धत होती तशीच ठेवली म्हणाले.

आणि एक गंमत. गुटके बघायला टेबल उलटं केलं तेव्हा फळीच्या खालच्या बाजूला डागलेला शिक्का दिसला. इंग्रजी अक्षरांत 'ईस्ट खानदेश' आणि खाली एक आकडा, तो नीट लागत नाही. मिस्त्री म्हणतात घासून स्वच्छ करून देतो.

भुसावळ जंक्शन

अजिबात घासू देऊ नका! त्यांना आत्ता फोन करा.

खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली दोन भाग झाले, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्ये ही नावं जाऊन जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. (नंदुरबार तर १९९८ चं.) म्हणजे शिक्का १९०६ ते १९६० मधला. लिलावाची घरातली गोष्टही खरी दिसते. आकडा बहुधा दप्तरी नोंदीचा असावा. कुठल्यातरी कचेरीत या टेबलावर बसून कोणी महसुलाची पानं भरली असतील. आता सांगा, यावर पीयू मारणार?

पांझराकाठ

काका तापले. कूलर लावा.

सातपुडा

शाईचे डागही मग त्याच काळातले. कोणी घालवायचा सल्ला देईल त्याआधी सांगतो, राहू द्या.

प्रयोगशाळा

सल्ला देत नाही, फक्त माहिती. जुनी निळी-काळी शाई लोह आणि टॅनिनची असे, त्यामुळे तिचे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या कोमट द्रावणाने फिके होतात. रंगद्रव्याच्या साध्या शाईवर ते चालत नाही. आम्ल विषारी आहे, हातमोजे हवेत, आणि नंतर पाण्याने नीट धुतल्याशिवाय पॉलिशपेपर मारायचा नाही, कारण ती पूड नाकात जाते. ताई, डाग ठेवायचे तर यातलं काहीच करावं लागत नाही, हा एक फायदा.

गिरणाकाठ

फोन केला. शिक्का वाचला. डागही ठेवतेय, मुलांना आवडलेत. एकाचा आकार म्हणे बेडकासारखा आहे.

पण मूळ प्रश्न तिथेच. वाचून मला पीयू पटतंय आणि काकांचं वाचलं की चपडा पटतो.

केळीबाग

मग आमचं ऐकू नका, टेबलालाच विचारा. पायाला जोड देताना जुन्या सागाचे तुकडे उरले असतील ना? त्यांच्यावर नमुने करा. एकावर चपडा, एकावर मेलामाइन, एकावर पीयू, एकावर तेल. नीट सुकू द्या. मग तुमच्या घरात जे जे सांडतं ते सांडा आणि रात्रभर ठेवा. हळदीचं तेल, लिंबू, चहा, गरम वाटी, ओला पेला, सॅनिटायझर. दुकानातल्या रंगतक्त्यावर यातलं काही कळत नाही.

पटाशी

उत्तम सूचना. मिस्त्रींकडे गन असेलच, तासाभराचं काम. तुकडे टेबलाइतकेच घासा. १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून सुरू करून १८०, मग २२० वर थांबा. तेलाच्या तुकड्याला ३२० चालेल, पण पीयूखाली लाकूड फार गुळगुळीत केलं तर पकड कमी होते. आणि फवारणीच्या दिवशीच लाकूड थिनरने पुसा. साग मुळात तेलकट, पुसून ठेवलं की आतलं तेल हळूहळू परत वर येतं.

चाळीसगावकर

वाचतोय. आमच्याकडे आजीचा फडताळ आहे, त्यावर नेमकं काय आहे ते कसं ओळखायचं?

प्रयोगशाळा

मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका आणि बोटाने चोळा. चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर थिनरचा थेंब टाका, मऊ पडलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. दोन्हीने हललं नाही तर वार्निश, मेलामाइन किंवा पीयू यापैकी काहीतरी. चपडा निघाला तर खरवडू नका, फक्त पुसून वरून दोन हात द्या.

गिरणाकाठ

नमुने झाले. मिस्त्री आधी हसले, मग स्वतःच वाट्या मांडायला बसले.

चपडा दिसायला सगळ्यात सुंदर, यात वादच नाही. काका, तुमचा खोलपणा म्हणजे काय ते आता कळलं. पण गरम वाटीखाली पांढरं वर्तुळ आणि सॅनिटायझरने थेट खड्डा. पापडखाराचं पाणी ठेवलं तिथे थर लिबलिबीत झाला.

तेलाच्या तुकड्यावर हळद अशी बसलीय की जणू लग्नघरातला पाट. अर्थात तेल अजून पूर्ण सुकलेलं नाही, आत्या म्हणते हा अन्याय आहे.

मेलामाइन ठीक. कशानेच फार बिघडलं नाही, पण वास खरंच सहन होत नाही.

पीयूवर लिंबू, चहा, सॅनिटायझर काहीच नाही. हळदीचा हलका पिवळा ठसा राहिला होता, तुकडा खिडकीत ठेवला तर उन्हाने निघून गेला. मात्र दिसायला... मॅट असूनही जरा परकं वाटतं. आतलं लाकूड थोडं लांब गेल्यासारखं.

प्रयोगशाळा

हळदीतलं रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही, म्हणून डाग उन्हाने जातो. तेल लावलेल्या तुकड्यालाही काही दिवस ऊन द्या, आत्यांना न्याय मिळेल. आणि पापडखाराने हळद लाल होते ते बघितलं असेलच.

पटाशी

परकं वाटणं हे थराच्या जाडीचं आहे. मिस्त्री सवयीने सीलरचे तीन-चार हात देऊन रंध्रं पूर्ण बुजवतात आणि मग वर पीयू, म्हणजे काचेसारखं सपाट. त्यांना सांगा रंध्रं उघडी राहू द्या. खडूपूड आणि गेरूची लांबी (पुट्टी) भरू नका. सीलरचा एकच पातळ हात, तो ३२० ने हलका घासायचा, वर मॅट पीयूचे दोन पातळ हात. बोट फिरवलं की सागाच्या रेषा लागल्या पाहिजेत. थोडं संरक्षण कमी होतं, पण दिसण्यात जमीन-अस्मानाचा फरक.

भुसावळ जंक्शन

नमुने बघून (म्हणजे वाचून) एवढं मान्य करतो की वरच्या बाजूला माझा चपडा या घरात टिकायचा नाही. पापडखाराचं मला ठाऊक नव्हतं. पण पाय, खण, चौकट? त्यावर कोण वाटी ठेवतंय? तिथे पीयूचा काय संबंध? आणि शिक्क्यावर पुढे कधी कोणाला नीट अभ्यास करायचा झाला तर स्पिरिटने स्वच्छ निघेल असाच थर हवा.

प्रयोगशाळा

शिक्क्याबद्दल काकांशी पूर्ण सहमत. आणि खालची बाजू कोरी मात्र ठेवू नका. वरून थर आणि खालून उघडं लाकूड असलं की दमट हवा एकाच बाजूने आत शिरते आणि फळी वाकते. समोर कूलर आहे म्हणता तर उन्हाळ्यात रोज दिवसभर कोरडं ऊन आणि ओली हवा असा खेळ चालणार. खालून चपड्याचे दोन-तीन पातळ हात द्या. दमटपणा अडवायला चपडा चांगला आहे, साचलेल्या पाण्याशी त्याचं जमत नाही एवढंच.

एक काळजी, चपडा आणि पीयू एकमेकांवर चढू देऊ नका. साध्या चपड्यात मूळचं मेण असतं, त्यावर पीयू धरत नाही. मेण काढलेला चपडा मिळतो, तो चालतो, पण गावातल्या दुकानात मागितला तर आधी विचारून घ्या. आधी वरचं पीयू पूर्ण करा, कडेला कागदी टेप लावा, मग खाली बोळा फिरवा.

सातपुडा

रंग जुळेल का पण? चपडा लालसर, पीयू पाण्यासारखा.

पटाशी

जुळत नाही आपोआप. उरलेल्या तुकड्यावर दोन्ही शेजारी मारून बघा. चपडा फिका घ्या, आणि कमी पडलं तर सीलरमध्ये रंगाचे दोन-चार थेंब. पाण्याचा पीयू मात्र इथे नको. वास कमी असतो, पण सागावर तो फिकट, थंड दिसतो.

आता वेळेचं. पाऊस अजून गेलेला नाही. दमट हवेत चपडा आणि लॅकर मारल्या मारल्या पांढरे पडतात. पितृपक्ष संपेपर्यंत थांबा, अशुभ म्हणून नाही, हवा कोरडी व्हावी म्हणून. मग ऑक्टोबरच्या उन्हातही दुपारी मारू देऊ नका, थिनर इतक्या झपाट्याने उडतं की थर पसरायच्या आत बुडबुडे अडकतात. सकाळी लवकर, धूळ बसलेली असताना, फरशीवर पाणी शिंपडून. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फवारताना तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क चालत नाही, वाफेचा फिल्टर असलेलाच मास्क लागतो. काम घरात करू नका. मारल्यावर दुसऱ्या दिवशी हात लावता येतो, पण पूर्ण कडक व्हायला आठवडा धरा. दिवाळीची रांगोळी आणि हे टेबल एकाच दिवशी उरकू नका.

गिरणाकाठ

ठरलं मग. वरच्या बाजूला आणि कडांना उघड्या रंध्रांचा मॅट पीयू. पाय, चौकट, खणांचे दर्शनी भाग आणि खालची बाजू शिक्क्यासकट चपडा. चपड्याचं काम मिस्त्रींच्या वडिलांना येतं असं निघालं, ते येऊन बसणार आहेत. मिस्त्रींना स्वतःला बोळा चालवता येत नाही, हे त्यांनी जरा हळूच सांगितलं.

काचेबद्दल कोणी बोललंच नाही. भाऊ विचारतोय.

पटाशी

काच टाकायची तर फिनिशवर एवढी चर्चा कशाला? काचेखाली ओल जाते आणि निघत नाही. टाकायचीच असेल तर कोपऱ्यांत पारदर्शक रबराच्या टिकल्या ठेवून थोडी उचला. प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ तर कायमचा अंथरूच नका. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाळ्यात बाहेर येतं आणि पॉलिशला चिकटतं. सुती अंथरा, आणि गॅसवरून उतरवलेल्या भांड्याखाली लाकडी चकती हवीच, पीयू असला तरी.

पांझराकाठ

भरीतनी पार्टी कधी शे मंग?

गिरणाकाठ

वांगी येऊ द्या बाजारात, मग सगळ्यांना आवतण. शेवटचा प्रश्न, खणांच्या आतून काय लावू? आतलं लाकूड कोरडं, खरबरीत आहे. आत्या म्हणते निदान तिथे तरी जवस लाव.

केळीबाग

आत्यांची हौस घरातल्या एखाद्या पाटावर भागवा, खणात तेल नको. बंद जागेत वास महिनोन् महिने राहतो, वह्या-कागदांना तेलाचे डाग पडतात. आतून नुसता ब्रश आणि कोरडं फडकं. फार तर पातळ चपड्याचा एक हात, पूर्ण सुकेपर्यंत खण बाहेर काढून ठेवायचे. सरकायच्या पट्ट्यांवर मात्र चपडाही नको, तिथे साधी मेणबत्ती घासा.

भुसावळ जंक्शन

पट्ट्यांना मेणबत्ती, बरोबर. आणि पितळी कड्या पॉलिश करायच्या तर आधी काढून मगच. जागेवर घासल्या की त्यांचा हिरवा-पांढरा लेप लाकडाच्या कोऱ्या रंध्रांत बसतो, मग तो सुईने काढत बसावं लागतं.